निरोपाची कविता निवडताना

जवळचं माणूस गेल्यावर शोकसभेत किंवा अंत्यसंस्काराच्या वेळी एखादी कविता वाचावी असं अनेकांना वाटतं. ती निवडायला मात्र हाताशी दोन-तीन दिवससुद्धा नसतात. या विषयावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : आई गेली. शोकसभा परवा आहे आणि मी एक कविता वाचावी असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मला कवितेतलं फारसं कळत नाही. सुरुवात कुठून करू?

कवितासंग्रहांपासून नको, आईपासून करा. एका कागदावर तिच्याबद्दल पाच-सहा वाक्यं लिहा, पण त्यांत विशेषणं येऊ देऊ नका. ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘हसतमुख’ हे शब्द कोणाच्याही आईला लागू पडतात, त्यामुळे त्यांच्या आधारे शोधलेली कविताही कोणाच्याही आईची होते. ती काय करायची ते लिहा. आलेलं पत्र दोनदा वाचायची, रागावली की गप्प बसायची, कुंडीतल्या झाडांशी बोलायची, कोणी उशिरा येणार असेल तर दिवा चालू ठेवायची. अशा वाक्यांतून एखादी गोष्ट वर येते : माती, शिवण, वाट पाहणं, पुस्तकं, गाणं. शोध तिथून सुरू करा.

मृत्यूवरचीच कविता हवी, असं मुळीच नाही. शोकसभेत पावसावरची कविता वाचली तरी लोक ती निरोपाची म्हणूनच ऐकतात. तो अर्थ प्रसंगातूनच येतो. उलट ज्या कवितेत मरण, सरण, काळ, अश्रू हे शब्द ओळीओळीला येतात, ती अशा वेळी जड होते. श्रोत्यांच्या मनात ते सगळं आधीच असतं.

आईच्या वस्तूंमध्ये शोधायला विसरू नका. वहीत उतरवून घेतलेली ओळ, पुस्तकात दुमडलेलं पान, समासातली पेन्सिलची खूण. तिच्या बहिणीला किंवा शाळेतल्या मैत्रिणीला फोन करून विचारा की तिला कोणती कविता पाठ होती. असं काही हाती लागलं तर बाकीचा शोध थांबवा. साधीशी शालेय कविता असली, तरी तिचं आईशी असलेलं नातं दुसऱ्या कोणत्याही कवितेला मिळणार नाही.

तीन कविता बाजूला काढा, वीस नको. मग प्रत्येकीबद्दल एकच गोष्ट नीट तपासा : या कवितेत कोण बोलतंय आणि कोणाशी? निरोपाच्या कविता फसतात त्या बहुतेक वेळा इथेच.

काही कवितांत गेलेलं माणूसच बोलतं : मी निघालो, तुम्ही रडू नका, माझी आठवण अशी ठेवा. या कविता सर्वांत परिणामकारक, आणि सर्वांत धोक्याच्या. त्या वाचताना तुम्ही गेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालत असता. ‘आई असं म्हणाली असती का?’ या प्रश्नाला मनापासून ‘हो’ येत नसेल, तर ती कविता सोडा. काहींत मागे राहिलेला माणूस ‘तू’ला उद्देशून बोलतो. मुलानं किंवा मुलीनं वाचायला हा प्रकार चांगला, पण तो ‘तू’ कोण आहे ते बघा. यातल्या बऱ्याच कविता प्रियकर-प्रेयसीच्या असतात, आणि आधी लक्षात न आलेली स्पर्शाची, मिठीची एखादी ओळ माईकवर आल्यावर मुलगी अडखळते. तिसऱ्या प्रकारच्या कवितांत कोणी कोणाशी बोलत नाही. ऋतू, नदी, श्वास, काळ यांच्याबद्दल शांतपणे काही सांगितलेलं असतं. निरनिराळ्या मतांची माणसं समोर बसलेली असतील, तर हा प्रकार सर्वांत कमी दुखावणारा.

शेवटची ओळ वेगळी काढून वाचा. ती संपल्यावर सभागृहात शांतता असणार आणि त्या शांततेत तीच ओळ मागे राहणार. मधलं कडवं थोडं सैल असलं तरी चालतं, शेवटची ओळ चुकली तर चालत नाही.

प्रश्न : बाबांना सुरेश भट फार आवडायचे. ‘इतकेच मला जाताना’ ही गझल वाचावी असं भावाचं म्हणणं आहे. मला कुठेतरी खटकतंय, पण का ते सांगता येत नाही.

तुमचं खटकणं बरोबर आहे. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या दोन ओळींत, ‘सरणावर’ हा शब्द आहे, म्हणून ही गझल अशा प्रसंगासाठीच आहे असं वाटतं. पण तो मतला सांगतो काय? मरणानं सुटका केली, जगण्यानं छळलं होतं. समोर तुमची आई बसलेली असणार. ज्या जगण्यानं छळलं, त्यात तिचा संसारही आला. गझल म्हणून ती कितीही थोर असली, तरी त्या दिवशी त्या खुर्चीत बसलेल्या बाईला ती ऐकवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बाबा दीर्घ आजारानं गेले असतील तर ‘सुटका’ हा शब्द वेगळ्या अर्थानं पोहोचेल, पण ‘छळले’ तसाच राहील.

अपवाद एकच. बाबा स्वतः ही गझल आवडीनं म्हणत असतील आणि घरच्यांना ते ठाऊक असेल, तर वाचण्याआधी तेवढं सांगा. मग ती त्यांची तक्रार न राहता त्यांची आठवण होते.

भावाचं मन राखायचं असेल तर भटांचीच दुसरी गझल घ्या. गझलेत एक सोय असते : प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींची जोडी, आपल्या पायावर उभा असतो. त्यामुळे मतला आणि त्यानंतरचे दोन-तीन शेर निवडून वाचले तरी काही मोडत नाही. मतला मात्र गाळू नका. यमक आणि अंत्ययमक (यमकानंतर दर वेळी तसाच येणारा शब्द) तिथे ठरतं, आणि ते कानावर पडलं नाही तर पुढचे शेर अधांतरी वाटतात. सलग कवितेला ही सूट नाही. तिची मधली कडवी काढली तर विचाराचा दुवा तुटतो.

हाच घोळ भा. रा. तांबे यांच्या ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ या कवितेच्या बाबतीतही होतो. पहिली ओळ सर्वांना ठाऊक असते, पुढचं फार थोड्यांना. पुढे कवी सांगतो की सगेसोयरे डोळे पुसतील आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतील, हसतील, खिदळतील. ते सगेसोयरे तर समोरच बसलेले असतात, डोळे पुसत. भरपूर जगलेल्या, ‘माझ्यामागे गाजावाजा नको’ असं बजावून गेलेल्या माणसासाठी ही कविता अगदी योग्य. अवेळी गेलेल्यासाठी ती क्रूर ठरते. म्हणून कोणतीही कविता पक्की करण्याआधी ती पूर्ण मिळवा आणि शेवटपर्यंत वाचा.

प्रश्न : वडील नास्तिक होते. काका आणि आत्या श्रद्धाळू आहेत. दोघांना चालेल अशी कविता असते का?

असते. मृत्यूनंतर काय होतं याबद्दल काहीच दावा न करणारी कविता शोधा. तिथे देव, स्वर्ग, पुनर्भेट नको, आणि ‘मृत्यूनंतर काहीही उरत नाही’ हेही नको. बहिणाबाई चौधरींच्या या ओळी बघा :

आला सास, गेला सास,
जीवा तुझं रे तंतर
अरे जगनं-मरनं
एका सासाचं अंतर

यात श्वासापलीकडे काही सांगितलेलं नाही, त्यामुळे वडिलांच्या विचारांशीही प्रामाणिक राहता येतं आणि आत्यालाही परकं वाटत नाही. शिवाय ही गाणी आधी मुखातून आली, नंतर कागदावर उतरली. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐकण्यासाठीच घडलेली असल्यामुळे ती एकदा कानावर पडली तरी पुरतात, आणि सभेत कवितेला तेवढी एकच संधी असते. ‘मरनं’चं ‘मरणं’ करू नका. बोलीचा न सोडून ण धरला की ओळ पुस्तकी होते. तुमच्या तोंडी ती बोली बसत नसेल तर ज्यांच्या बसते त्यांना वाचायला सांगा.

‘आम्ही जातो आपुल्या गावा’ हा तुकारामांचा अभंग अनेकांना सुचतो. तो गेलेल्या माणसाच्या तोंडचा आहे आणि ‘तुका जातो वैकुंठाला’ इथे येऊन थांबतो. श्रद्धावान माणसासाठी यासारखा निरोप नाही. तुमच्या वडिलांसाठी मात्र तो नको, आणि शेवटचं चरण गाळून तो चालवून घेणं तर मुळीच नको. लोकांना तो पाठ असतो. न म्हटलेली ओळ ते मनात पूर्ण करतातच.

प्रश्न : आवडलेली कविता पुरुषाबद्दल आहे, आम्हाला आजीसाठी हवी आहे. ‘तो’चं ‘ती’ केलं तर चालेल का?

शक्यतो नको. ‘गेला’चं ‘गेली’ केल्यावर मात्रा तेवढ्याच राहतात, पण ‘आला’शी जुळलेलं यमक सुटतं. ‘त्याला’चं ‘तिला’ केलं तर चाराच्या तीन मात्रा होतात आणि वाचताना ठेचकळायला होतं. कवीचे शब्द बदलण्याचा प्रश्न आहे तो वेगळाच. त्याऐवजी लिंगभेद न येणारी कविता शोधा. ‘आम्ही जातो’ हे स्त्री-पुरुष दोघांच्याही तोंडी बसतं, तांब्यांच्या कवितेतलं ‘मी जाता’ हेही बसतं. वर्तमानकाळात ‘तू’ला उद्देशून लिहिलेल्या कवितांतही ही अडचण कमी येते. भूतकाळ आला की ‘होतास’, ‘होतीस’ सुरू होतं.

प्रश्न : कविता ठरली आहे. भीती ही की मध्येच रडू येईल आणि वाचता येणार नाही. काय तयारी करावी?

आधी लांबी बघा. बारा ते चोवीस ओळी पुरेत. मराठी कवितेची ओळ साधारण पाच शब्दांची धरली तर वीस ओळी म्हणजे १०० शब्द. एरवी आपण ते पाऊण मिनिटात वाचून टाकू. इथे सव्वा मिनिटाहून कमी वेळ लागत असेल तर तुम्ही घाई करताय. दोन मिनिटांच्या पुढे गेलं तर ऐकणाऱ्यांचं लक्ष शब्दांवरून सुटून तुमच्या चेहऱ्यावर जातं.

मोबाइलवरून वाचू नका. पडदा मध्येच काळा होतो, संदेश येतो, थरथरतं बोट लागून ओळी सरकतात. कागदावर १६ ते १८ पॉइंटच्या अक्षरात, ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवून, एकाच बाजूला छापा. कविता दोन पानांवर जात असेल तर कडवं संपतं तिथेच पान संपू द्या. पातळ कागद हातात फडफडतो आणि माईक तो आवाज पकडतो, म्हणून मागे पुठ्ठा लावा. उघड्यावर वाचायचं असेल तर हा पुठ्ठा आणि वर एक चिमटा हवाच.

सराव उभ्यानं आणि मोठ्यानं करा. मनातल्या मनात वाचलेली कविता खरी परीक्षा घेत नाही. दोन-तीनदा वाचलं की आवाज नेमका कुठे फुटतो ते कळेल. बहुतेक वेळा ती जागा एकच असते, आणि ती तुम्हाला वाटली होती ती नसते. त्या ओळीच्या आधी पेन्सिलनं उभी रेघ मारा. तिथे थांबायचं, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, आत आपोआप येईल तेवढा घ्यायचा आणि मग पुढची ओळ. दाटून आलेलं असताना छाती भरून श्वास घेतला तर हुंदका त्याच श्वासाबरोबर बाहेर पडतो, म्हणून आधी सोडणं महत्त्वाचं.

आवंढा का येतो हे माहीत असलं तर घाबरायला होत नाही. रडू दाटलं की श्वासाची वाट मोठी करण्यासाठी स्वरयंत्राचं तोंड उघडं राहू पाहतं. गिळताना मात्र ते मिटावं लागतं. या ओढाताणीमुळे घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं. साध्या पाण्याचा एक छोटा घोट घेतला आणि थोडं थांबलं की तो सैल होतो. पाणी हाताशी ठेवा, फार गार नको.

माईक तोंडापासून एक वीतभर ठेवा. नजर समोरच्या ओळखीच्या चेहऱ्यांवर न ठेवता मागच्या भिंतीवर ठेवा. आवाज फुटलाच तर पाच-सहा सेकंद थांबा. तुम्हाला तो काळ फार मोठा वाटेल, ऐकणाऱ्यांना वाटणार नाही. माफी मागू नका, त्यानं कविता तुटते.

आणि एक सोबती ठरवा. तशीच छापलेली दुसरी प्रत त्याच्या हातात असू द्या आणि त्यानं सुरुवातीपासून तुमच्या शेजारी उभं राहावं. खूणही आधी ठरवा. तुम्ही कागद खाली केला की त्यानं त्याच ओळीपासून वाचायला लागायचं. सोबती आहे हे माहीत असलं की बऱ्याचदा त्याची गरजच पडत नाही.

वाचण्याआधी दोन वाक्यं पुरेत : कवीचं नाव, आणि ही कविता का निवडली. वाचून झाल्यावर अर्थ सांगू नका. सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा की कविता संपल्यावर दहा सेकंद काही बोलायचं नाही. हे सांगितलं नाही तर शेवटच्या ओळीवर पुढच्या वक्त्याचं नाव येऊन आदळतं.

प्रश्न : मावसभावानं आयुष्य संपवलं. वय २२. त्याच्यासाठी कविता वाचणं योग्य आहे का?

योग्य आहे, पण इथे निवड फार जपून करा. मृत्यूला विसावा, मुक्ती, बोलावणं किंवा घरी परतणं म्हणणारी कोणतीही कविता नको. एरवी दिलासा देणाऱ्या या प्रतिमा इथे घडलेल्या गोष्टीला सुंदर ठरवतात, आणि समोर त्याचे समवयस्क मित्र बसलेले असतात. त्यांतल्या एखाद्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. ‘का गेलास’ अशी जाब विचारणारी कविताही नको. तिचा रोख शेवटी आईवडिलांकडे वळतो.

तो कसा होता, त्याचं असणं कसं वाटायचं, त्याची उणीव कशी जाणवते, याबद्दलची आठ-दहा ओळींची छोटी कविता बघा. ती ‘तू’ला उद्देशून असली तर अधिक बरी. सभा संपताना मोठ्यांपैकी कोणीतरी त्याच्या मित्रांजवळ जाऊन बसावं, त्यांना बोलतं करावं. हे काम कवितेवर सोडता येत नाही.

श्रोत्यांत लहान मुलं असतील तर मृत्यूला झोप म्हणणारी कविता टाळा, मग गेलेलं माणूस कोणत्याही वयाचं असो. मुलं ते शब्दशः घेतात आणि रात्री झोपायला घाबरू लागतात.

प्रश्न : इंटरनेटवर ‘अंत्यविधीसाठी कविता’ अशा याद्या मिळतात. त्यातल्या इंग्रजी कवितांचा अनुवाद करून वाचावा का? आणि मोबाइलवर आलेल्या कवितेखालचं कवीचं नाव खरं मानावं का?

यादीत नाव आहे म्हणजे कविता प्रसंगाला योग्य आहे, असं नाही. डिलन थॉमस यांची ‘डू नॉट गो जेंटल इनटू दॅट गुड नाइट’ बहुतेक याद्यांत असते. ती १९५१ मध्ये छापली गेली तेव्हा ज्यांच्यासाठी ती लिहिली ते कवीचे वडील जिवंत होते. सहज जाऊ नका, झुंजा, असं ती सांगते. शांतपणे, झोपेत गेलेल्या माणसासाठी ती वाचली तर त्याच्या शांत जाण्यालाच दोष दिल्यासारखं होतं. ऑडेन यांच्या ‘फ्युनरल ब्लूज’चा पहिला अवतार १९३६ च्या एका नाटकात राजकारण्याच्या शोकाची थट्टा म्हणून आला होता. पुढे कवीनं ती बदलली. आता ती खऱ्या दुःखाची कविता म्हणून वाचली जाते, पण तिचा शेवट ‘आता कशातूनच काही चांगलं होणार नाही’ इथे होतो. जोडीदारानं वाचली तर ते समजू शकतं. मुलांनी समोर बसलेल्या आईला हे ऐकवावं का, याचा विचार करा.

‘डेथ इज नथिंग अ‍ॅट ऑल’ तर मुळात कविताच नाही. १९१० मध्ये राजा सातवा एडवर्ड यांच्या निधनानंतर हेन्री स्कॉट हॉलंड यांनी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये दिलेल्या प्रवचनातला तो तुकडा आहे. त्याच प्रवचनात हॉलंड यांनी मृत्यूचा घाला किती निर्दय वाटतो हेही सांगितलं होतं. तो भाग मागे पडला आणि ‘मृत्यू म्हणजे काहीच नाही’ एवढंच उरलं. हा उतारा ऐकून ज्यांना खोटं खोटं वाटतं, त्यांचं चुकत नाही.

नावाबद्दल सांगायचं तर, मोबाइलवर फिरणाऱ्या कवितेखालचं नाव कधीही तसंच्या तसं घेऊ नका. पहिली ओळ घेऊन त्या कवीच्या संग्रहात किंवा समग्र कवितांच्या पुस्तकात शोधा. बऱ्याच संग्रहांत मागे पहिल्या ओळींची सूची असते. सापडली तर पाठही तिथलाच घ्या, कारण फिरत्या संदेशांत ओळी गळतात, शब्द बदलतात, कधी तर दोन कविता एकमेकींना जोडलेल्या असतात. सापडली नाही तर ‘कवी अज्ञात’ म्हणा. चुकीचं नाव घेण्यापेक्षा ते केव्हाही बरं. ‘डू नॉट स्टँड अ‍ॅट माय ग्रेव्ह अँड वीप’ ही कविता कित्येक वर्षं मेरी एलिझाबेथ फ्राय यांच्या नावावर होती. ती क्लेअर हार्नर यांच्या नावानं १९३४ मध्ये एका मासिकात छापलेली होती.

अनुवाद करायचा असेल तर यमकाच्या मागे लागू नका. साध्या, बोलत्या मराठीत, ओळीला ओळ ठेवून करा आणि मूळ कवीचं नाव सांगा. दुसऱ्यानं केलेला छापील अनुवाद वाचत असाल तर अनुवादकाचंही सांगा.

प्रश्न : स्मरणिकेत कविता छापायची आहे. परवानगी लागते का?

भारतीय कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. तांबे १९४१ मध्ये गेले, बहिणाबाई १९५१ मध्ये, त्यामुळे त्यांच्या कविता खुल्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, सुरेश भट २००३ मध्ये. त्यांची पूर्ण कविता छापायची किंवा वाचनाची ध्वनिफीत सर्वांसाठी खुली ठेवायची असेल तर प्रकाशकाला विचारा. कोणत्या कामासाठी आणि किती प्रती, हे पत्रात लिहा. जुन्या कवितेचा नवा अनुवाद असेल तर त्यावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो.

प्रश्न : मनासारखी कविता मिळाली नाही तर स्वतः लिहू का? वेळ एका संध्याकाळचा आहे.

लिहा. पूर्ण आयुष्य मावेल अशी कविता लिहायला बसू नका, एकच गोष्ट धरा : एक सवय, एक जागा, एक वाक्य जे ते माणूस नेहमी म्हणायचं. आठ ते बारा ओळी. यमक जुळत नसेल तर सोडून द्या. जुळवायला गेलं की ‘माया-छाया-काया’ हेच हाताशी येतं आणि माणूस हरवतो. लय हवी असेल तर ओळीत आठ अक्षरं ठेवा. जोडाक्षर एकच मोजायचं. वर दिलेल्या बहिणाबाईंच्या ओळी बोटांवर मोजून बघा, प्रत्येकीत आठच भरतात. ही लय मराठी कानाला ओव्या-अभंगांमुळे सवयीची आहे, त्यामुळे वाचतानाही आधार मिळतो.

लिहून झाल्यावर ते माणूस ओळखणाऱ्या एकाला वाचून दाखवा आणि नाव न सांगता ओळखता येतं का विचारा. ओळखू आलं नाही तर विशेषणं शोधून काढून टाका आणि त्यांच्या जागी ते माणूस काय करायचं ते लिहा.